आबांच्या वहीसाठी जांभळी शाई : कामाच्या नोंदी

११ फेब्रुवारी

आजपासून हे काम लिहून ठेवते आहे. कुणाच्या घरी पुरात भिजलेली शाईची वही असेल आणि ती नव्यानं उतरवून काढायची असेल, तर माझ्या चुका त्यांच्या उपयोगी पडाव्यात.

वही आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. ते सांगलीत हळदीच्या आडत दुकानात दिवाणजी होते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, कुणाची हळद कधी भरली, कधी उपसली, दर काय निघाला, नदीला पाणी किती चढलं, घरी कोण येऊन गेलं, सगळं एकाच वहीत. शाई जांभळी. माझे वडील, अण्णा, सांगतात की शाईची पुडी मिळायची, ती पाण्यात विरघळवून दौतीत भरायची, आणि मग आठवडाभर बोटं जांभळी.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या गावभागात कृष्णेचं पाणी शिरलं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात; त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. भांडी, गाद्या, टीव्ही वर नेला आणि ट्रंक खालीच राहिली. वही सहा दिवस पाण्यात होती. मग आम्ही त्याहून मोठी चूक केली. गच्चीवर उन्हात पानं उलगडून वाळत घातली. पाण्यानं पसरलेली शाई उन्हानं आणखी उडाली. सावलीत, पंख्याखाली, दोन पानांमध्ये टिपकागद घालून आणि तो सारखा बदलत वाळवायला हवी होती. हे कळलं तोवर उशीर झाला होता.

१४४ पानांपैकी नुसत्या डोळ्यांनी वाचता येतात ती ४१. समासात पेन्सिलीनं मांडलेल्या बेरजा मात्र जशाच्या तशा आहेत.

वाचता येतंय ते नव्या वहीत उतरवायचं, गेलेल्यातलं अण्णांना आठवेल ते त्यांच्या तोंडून लिहून घ्यायचं. अण्णा ८१ वर्षांचे आहेत, त्यामुळे हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही. शाई जांभळीच हवी. आबांचं पान मला निळ्यात बघवणार नाही.

१३ फेब्रुवारी

हरभट रोडवर चार दुकानं फिरले. निळी, काळी, लाल, एका ठिकाणी हिरवी. जांभळी नाही. एक दुकानदार म्हणाले, "ताई, जांभळी पायजे तर स्टॅम्प पॅडची आहे, देऊ का?" घेतली नाही, तुम्हीही घेऊ नका. ती पॅडवर वाळू नये म्हणून त्यात ग्लिसरीनसारखं काहीतरी असतं. फाउंटन पेनात भरली तर जिभेत, म्हणजे निबेखालच्या खाचांच्या पट्टीत, चिकटून बसते आणि पेन कायमचं जातं.

शेवटी ३० मिलीची बाटली मागवली, पोस्टासकट ३५० रुपये. साधी, पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे जे झालं तो त्या कंपनीचा दोष नाही. या जातीची कुठलीही शाई तसंच वागते.

१७ फेब्रुवारी

बाटली यायची आहे, म्हणून जुन्या वहीकडे वळले आणि आज एक गोष्ट सापडली. दुकानात वस्तू गुंडाळायला रंगीत जिलेटीन कागद मिळतो, त्यातला हिरवा दहा रुपयांना आणला. त्याची दुहेरी घडी टेबललॅम्पवर बांधली, खोलीतले बाकी दिवे घालवले आणि त्या हिरव्या उजेडात पान बघितलं. जांभळा रंग हिरवा उजेड गिळतो, म्हणून शाईचा उरलासुरला अंश काळपट दिसतो आणि पिवळा पडलेला कागद उजळ राहतो. लाल जिलेटीननं अगदी उलट झालं, होतं ते अक्षरही नाहीसं झालं.

त्याच उजेडात मोबाइलवर फोटो घेतले, कृष्णधवल केले आणि कॉन्ट्रास्ट वाढवला. संध्याकाळपर्यंत आणखी १२ पानं वाचता आली. आता ५३. एका पानाला साधारण २० मिनिटं जातात. एका फोटोत आबांची सही पूर्ण उमटलेली दिसली तेव्हा अण्णांना हाक मारली. ते बराच वेळ मोबाइल हातात घेऊन बसले होते.

२० फेब्रुवारी

शाई आली. पेन घरातलंच, काळ्या एबोनाइटचं, ड्रॉपरनं थेट पोटात शाई भरायचं. जाड निब. तीन एक मिली शाई मावते.

पहिल्या ओळीचा आनंद लिहून दाखवता येत नाही. पिकल्या जांभळाचा डाग कापडावर पडतो ना, अगदी तो रंग. वाळल्यावर थोडा निळसर होतो. अण्णांनी चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "आबांची थोडी लालीवर होती. पण चालंल."

चार कागदांवर तीच चार वाक्यं लिहिली:

साधी दोनशे पानी वही: शाई फुटली. अक्षराला केस आल्यासारखं दिसतं, आणि मागच्या बाजूला सगळं उमटतं. बाद.

७० जीएसएम (कागदाच्या जाडी-वजनाचं माप) झेरॉक्सचा कागद: थोडी फुटते, मागे ठिपके. कच्च्या कामाला ठीक.

हातकागद: मला आवडतो म्हणून मुद्दाम आणला होता. धागे निबमध्ये अडकले आणि शाई शोषून शोषून रेघ दुप्पट जाड झाली. नंतर कळलं की हातकागद घेताना खळ दिलेला आहे का ते विचारायचं असतं. मी न विचारता आणला. बाद.

१०० जीएसएम बाँड: अक्षर स्वच्छ, मागे काही नाही. वाळायला वेळ मात्र जास्त. दर पाच सेकंदांनी बोट फिरवून बघितलं. झेरॉक्सवर १० सेकंदांत वाळते, बाँडवर ३० सेकंद लागतात. उजव्या हातानं लिहिणाऱ्यांना अडचण नाही, डावखुऱ्यांना सगळं फरपटेल.

बाँड ठरला. कागदांवर एकूण ५४० रुपये गेले, त्यातले निम्मे वाया.

२४ फेब्रुवारी

पाण्याची परीक्षा. घाटावरून बादलीभर कृष्णेचं पाणी आणलं, गाळासकट. बाँडचं लिहिलेलं पान घमेल्यात बुडवलं आणि वर दगड ठेवला.

एक मिनिटात पाण्यात जांभळे धागे सुटले. दहा मिनिटांत कागदावर ढग. २४ तासांनी बाहेर काढलं तर फिकट गुलाबी डाग, एकही अक्षर नाही. आबांच्या वहीचं पान दुसऱ्यांदा बघितल्यासारखं वाटलं.

जिन्याखाली बसून अण्णांना दाखवलं. ते म्हणाले, "मग पेन्सिलीनं लिही की. पेन्सिल कुठं गेली होती?"

त्यांचं बरोबर आहे. ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही. पण मला जांभळी हवी आहे. त्यामुळे आज एवढं पक्कं केलं की पुन्हा पाणी आलं आणि रंग गेला तर जाऊ दे, अक्षर राहिलं पाहिजे. नव्या वहीची शाई याच एका कसावर घासायची. आणि पानाचा आकडा व तारीख काहीही झालं तरी पेन्सिलीनं.

३ मार्च

घरच्या घरी मिसळून बघावं म्हणून साधी लाल आणि रॉयल ब्लू घेतली, दोन्ही मिळून ६० रुपये. इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजून काचेच्या छोट्या बाटल्यांत मिसळली. निळी ३, लाल १: वांग्याच्या सालीसारखा रंग. निळी १, लाल १: कृष्णकमळाच्या जवळ. आबांच्या शाईच्या सर्वात जवळ आली ती निळी २ आणि लाल ३.

पेनात भरायची घाई केली नाही, हे एक बरं केलं. मिसळलेली शाई किमान दोन दिवस बाटलीतच ठेवून बघा. माझ्या पाचपैकी एका बाटलीत, जिच्यात मी तिसरी शाई म्हणून थोडी काळीही घातली होती, तळाशी चिखलासारखा गाळ बसला. तो पेनात बसला असता तर जीभ काढून घासावी लागली असती.

आजच सगळ्या नमुन्यांच्या पट्ट्या केल्या, प्रत्येकीचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकला आणि दक्षिणेच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवल्या. पाच आठवडे ऊन देणार.

१० मार्च

अण्णांना आठवलं की त्यांच्या आजोबांच्या काळी घरात हिरड्याची शाई करत. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. दोन्ही आयुर्वेदिक सामानाच्या दुकानात मिळालं: हिरडा १०० ग्रॅम, हिराकस १०० ग्रॅम, बाभळीचा डिंक, सगळं ९५ रुपये.

५० ग्रॅम हिरडा भरड कुटला, अर्धा लिटर पाण्यात तीन दिवस भिजवला, निम्मं पाणी आटेपर्यंत उकळला, फडक्यानं गाळला. त्यात १५ ग्रॅम हिराकस विरघळवला. तपकिरी काढा क्षणात काळानिळा झाला. शेवटी डिंकाचं पाणी. भांडं स्वयंपाकाचं घेऊ नका, हिराकस पोटात जाण्यासारखा नाही. मी जुनं काचेचं घेतलं आणि आता ते याच कामाला.

टाकानं, म्हणजे शाईत बुडवून लिहायच्या लेखणीनं, लिहिलं. लिहिताना अक्षर फिकट राखी. तासाभरात गडद होत गेलं, रात्री दिव्याखाली त्याला जांभळट झाक होती आणि मला वाटलं, जमलं. सकाळी बघितलं तर काळं. स्वच्छ, सुंदर काळं, पण जांभळं नाही.

१३ मार्च

तरीही ते पान घमेल्यात टाकलं. २४ तास. दगडासकट. बाहेर काढलं, झटकलं, वाचलं. एक मात्रासुद्धा हलली नव्हती.

सगळ्या प्रयोगाला इथे वळण मिळालं. हिरड्यातलं तुरट द्रव्य आणि हिराकसातलं लोह कागदाच्या धाग्यात शिरतं आणि मग हवेनं काळं होऊन तिथेच घट्ट बसतं. ते पुन्हा पाण्यात विरघळत नाही. साधा रंग नुसता कागदावर बसलेला असतो, पाणी आलं की उठून जातो.

१६ मार्च

या आठवड्यात मूर्खपणा केला आणि तो सविस्तर लिहिते, कारण हा मोह कुणालाही होईल. हिरड्याच्या शाईत जांभळी शाई मिसळली तर दोन्ही गुण येतील, असं वाटलं. परवा गाळाचा धडा मिळूनही दोन दिवस थांबले नाही. मिसळली आणि थेट एबोनाइटच्या पेनात भरली.

पाव पान लिहून झालं. मग रेघ तुटायला लागली. रात्री टोपण लावून ठेवलं, सकाळी निब पूर्ण कोरडी. डिंक असलेली शाई टाकाची असते, फाउंटन पेनाची नाही. जिभेच्या बारीक खाचेत डिंक वाळतो. त्यात आम्लधर्मी हिराकस आणि रंग एकमेकांशी फुटून बसलेला गाळ.

साफसफाईला अडीच दिवस गेले. साध्या पाण्यात रात्रभर, मग जीभ आणि निब ओढून काढली. खाचेत काळा थर. साबणाच्या पाण्यानं डिंक सुटला, थर सुटला नाही. शेवटी केमिकलच्या दुकानातून अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाची, म्हणजे क जीवनसत्त्वाची पूड आणली, ९० रुपये. कपभर पाण्यात अर्धा चमचा. तासाभरात लोहाचा काळा थर विरघळला. चघळायच्या गोळ्या नकोत, त्यात साखर असते. नंतर स्वच्छ पाण्यानं पाच-सहा वेळा धुतलं.

आणि याच धांदलीत दुसरी चूक झाली. लवकर सुटावं म्हणून पेनाची नळी कढत पाण्यात टाकली. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, त्याला कढत पाणी चालत नाही. काळीभोर चकाकी गेली आणि नळी शेवाळी-तपकिरी, भुरकट झाली. लिहितं अजून उत्तम, पण ते पेन अण्णांनी मला बारावीला दिलं होतं. त्यांनी हातात घेऊन फिरवलं आणि फक्त म्हणाले, "आता वयाला शोभतंय."

एबोनाइट फक्त थंड पाण्यानं धुवायचं. एवढं तरी लक्षात ठेवा.

७ एप्रिल

खिडकीतल्या पट्ट्या उतरवल्या. ३५ दिवस सांगलीचं ऊन, बाहेर पारा चाळिशीला टेकलेला.

विकतची जांभळी: उघडा भाग झाकलेल्या भागाच्या निम्म्याहून फिका.

मी मिसळलेली: धक्का बसला. उघड्या भागात लाल जवळजवळ संपला आणि फिकट निळं उरलं. झाकलेला भाग मात्र जांभळाच. एकाच पट्टीवर दोन रंग. व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या आयरिसच्या फुलांचं असंच झालेलं आहे: १८९० साली त्यानं जांभळी रंगवली, त्यातला लाल उजेडानं उडाला आणि आज ती निळी दिसतात. मिसळीच्या जांभळ्याला हा धोका कायमचा, कारण दोन रंग एकाच वेगानं उडत नाहीत.

हिरड्याची (ही पट्टी नंतर लावली होती): फरक शोधावा लागतो.

मग वही हिरड्याच्या शाईनं टाकानं का लिहीत नाही? दोन कारणं. ती काळी आहे. आणि हिराकसाचं माप मी अंदाजानं घेतलं. तो जास्त झाला तर वर्षानुवर्षांत कागद खातो. युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांत अक्षराच्या जागी भोकं पडलेली आहेत ती यामुळेच. आबांच्या पानांवर मी तो जुगार खेळणार नाही.

१९ एप्रिल

शोधताना कळलं की लोह आणि टॅनिनची (टॅनिन म्हणजे हिरड्यातलं तेच तुरट द्रव्य), पण फाउंटन पेनासाठी सौम्य केलेली जांभळी शाई तयार मिळते. लाइपझिगच्या रोहरर आणि क्लिंगनर या १८९२ पासूनच्या कारखान्याची, नाव स्काबिओझा, ५० मिलीची बाटली. मला कुरिअरसह १,४५० रुपये पडले. महिन्याचा विचार करून घेतली.

एबोनाइटच्या पेनाला आता विश्रांती. या शाईसाठी वेगळं पेन: स्टीलची मध्यम निब आणि कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी सुटी नळी), ७०० रुपये. दोन कारणांनी. लोहाची शाई दुसऱ्या कुठल्याही शाईच्या अंशात मिसळू द्यायची नाही. आणि कन्व्हर्टर असला की पंधरवड्यातून एकदा पेन धुणं सोपं जातं.

२१ एप्रिल

रंग. पहिली ओळ लिहिल्यावर मन थोडं खट्टू झालं, खोटं कशाला लिहू. ताज्या जांभळाचा तजेला नाही. करवंदाच्या रसाचा डाग धुऊन वाळल्यावर जसा उरतो, तसा राखेची झाक असलेला जांभळा. ओली असताना उजळ, वाळताना मंदावते. प्रवाह कोरडा, हात जरा सावकाश चालवावा लागतो, नाहीतर उभ्या रेघा मध्येच बारीक होतात.

मग अण्णांनी जुन्या वहीचं एक पान शेजारी ठेवलं. बांधणीच्या आत खोल, शिवणीपाशी, जिथे पाणीही पोचलं नव्हतं आणि ऊनही, तिथे एक ओळ तशीच राहिली आहे. तिथला रंग या नव्या शाईपेक्षा लालसर आहे, पण तजेला तिथेही नाही. इतक्या वर्षांनी तोही मंदावला आहे. मी फेब्रुवारीपासून नव्या शाईची तुलना माझ्या लहानपणीच्या आठवणीशी करत होते.

२३ एप्रिल

घमेलं, नदीचं पाणी, दगड, २४ तास.

पाणी जांभळं झालं. पान वर काढताना हात थरथरत होता. रंग बराच धुऊन गेला होता, पण अक्षरं राखाडी होऊन जागेवर होती. सगळी वाचता येत होती, काना, वेलांटी, अनुस्वारासकट. अण्णांना चष्म्याशिवाय वाचायला लावलं. त्यांनी वाचलं.

दुसऱ्या पानाला तीन दिवस पाण्यात ठेवलं. किंचित आणखी फिकं झालं, वाचता येतंच. यावर काम ठरलं.

१२ मे

वही लिहायला घेतली. १०० जीएसएम बाँडची पानं, शिवून घेतलेली, पुठ्ठा बांधलेला. अक्षय्य तृतीयेला सुरुवात करायची होती, पण बाइंडरनं दोन दिवस उशिरा दिली.

पान १ ते ३ झाली. अण्णा शेजारी बसून हिरव्या उजेडातले फोटो मोठे करून वाचतात, मी लिहिते. अडतं ते आकड्यांपाशी. आबांचा ५ आणि ६ सारखाच. त्यावर उपाय असा की समासातली पेन्सिलची बेरीज जुळेपर्यंत दोन्ही आकडे घालून बघायचे. शाई गेली तरी ती पेन्सिल आज आम्हाला हिशेब सांगते आहे.

१९ मे

पान ९ वर मोठा डाग पडला आणि पान पुन्हा लिहावं लागलं. दोन तास गेले.

झालं असं की कन्व्हर्टरमधली शाई संपली म्हणून, उरलेल्या दोन ओळींसाठी भरत कशाला बसायचं असं म्हणून, एबोनाइटचं पेन उचललं. त्यात पहिल्या बाटलीतली जांभळी पाव नळीभर होती. ड्रॉपरनं भरायच्या पेनात शाई कमी उरली की वर हवा जास्त राहते. हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाईला खाली ढकलते. मे महिन्यात तर विचारूच नका. टपकन एक थेंब 'हरिपूर' या शब्दावर. अशी पेनं निम्म्याच्या खाली गेली की भरून घ्यावीत.

आणि मुळात या वहीत दुसरी शाई वापरायचीच नव्हती. आता एबोनाइटचं पेन दुसऱ्या खोलीत आहे.

डाग अण्णांच्या धोतरावरही गेला. लिंबू-मीठ चोळलं, दूध लावलं, फिकट जांभळा राहिलाच. ते धोतर ते मुद्दाम लिहायला बसताना नेसतात.

२ जून

काही मापं, कुणाला अंदाज हवा असेल तर. एक कन्व्हर्टर म्हणजे ०.८ मिली शाई, त्यात माझ्या अक्षरात साधारण ११ पानं होतात. म्हणजे ५० मिलीची बाटली या वहीला पुरून खूप उरेल. महाग वाटते तेवढी ती पडत नाही.

एकूण खर्च ३,२९५ रुपये. यातले खरंच लागणारे म्हणजे शाई, पेन, निम्मा कागद आणि दहा रुपयांचं जिलेटीन. बाकीचे शिकण्यात गेले. वेळ मात्र पैशापेक्षा जास्त गेला. १३ फेब्रुवारी ते १२ मे, लिहायला सुरुवात होईपर्यंत तीन महिने. आधी पाण्याची परीक्षा घेतली असती आणि मग रंग बघितला असता तर महिन्याभरात झालं असतं. मी उलट्या क्रमानं गेले.

पेन दर दुसऱ्या रविवारी थंड पाण्यानं धुते. एकदा चुकवलं, तर निबेच्या चिरेत काळा कण दिसायला लागला. तेव्हापासून चुकवत नाही.

२२ जून

पाऊस लागला आणि शाईचं वागणं बदललं. हवेत ओल आहे, बाँडवर आता वाळायला जवळजवळ मिनिट लागतं. पान उलटलं की समोरच्या पानावर आरशासारखं उलटं उमटतं. पान २२ आणि २३ अशी गेली. वाचता येतात, पण विद्रूप झाली. आता दोन पानांमध्ये टिपकागद ठेवते. दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. दाबला तर शाई कागदात शिरायच्या आधीच वर उचलली जाते, आणि मग तीच शाई पाण्याला कच्ची राहते. एका तुकड्यावर करून बघितलं: टिपून घेतलेली ओळ भिजवल्यावर न टिपलेल्या ओळीपेक्षा खूपच फिकट झाली.

कागदालाही ओल लागते. लिहिण्याआधी कोरी पानं अर्धा तास टेबललॅम्पखाली ठेवली की शाई कमी फुटते.

६ जुलै

३१ पानं झाली.

गेल्या आठवड्यात अण्णांच्या तोंडून लिहून घेतलेलं पहिलं पान झालं. मूळ पानावर हिरव्या उजेडातही तीनच शब्द दिसतात: 'पाणी', 'पायरी' आणि एक नाव. अण्णा डोळे मिटून बसले आणि सांगायला लागले. पाणी दुकानाच्या पायरीला लागलं होतं, आबा रात्रभर पोती माडीवर चढवत होते, सकाळी हळदीनं पिवळे झालेले हात घेऊन घरी आले आणि त्याच हातांनी लिहायला बसले. वहीच्या त्या पानाच्या कोपऱ्यात पिवळा अंगठा होता म्हणे. मी भिंग घेऊन कोपरा बघितला. पुराच्या गाळाचा तपकिरी डाग आहे, दुसरं काही सांगता येत नाही.

असं आठवणीतलं पान लिहिताना समासात उभी पेन्सिलची रेघ मारते, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला कळेल की हे आबांचे शब्द नाहीत, अण्णांचे आहेत.

नदीची पातळी रोज पेपरात यायला लागली आहे. वही रात्री झिपच्या जाड पिशवीत, पिशवी झाकणाच्या डब्यात आणि डबा माडीच्या वरच्या फळीवर. पिशवीत घालण्याआधी वही पूर्ण वाळलेली आहे ना हे बघते, नाहीतर आतच बुरशी धरेल. प्रत्येक पानाचा फोटो पुण्यात भावाकडेही पाठवते.

उद्या पान ३२. पेव भरल्याची नोंद, ६४ पोती. नावाच्या पुढची दोन अक्षरं लागत नाहीत. 'कुलकर्णी' किंवा 'कुंभार'. दुपारी चहानंतर अण्णांना विचारायचं.